कुसुमताईंचा होस्टा

सरकारी क्वार्टरच्या ओळीत राहिलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. मधली भिंत बुटकी अन् शेजारी मोठ्यानं बोलणारे! अकोल्यातले माझे निम्मे किस्से तर एकट्या कुसुमताईंच्या होस्ट्याचे आहेत.

होस्टा म्हणजे सावलीत वाढणारं, अळूसारख्या पानांचं झाड. याच्या पानांना पांढरा काठ होता. ताईंच्या भावानं डेहराडूनहून आणलं अन् वर सांगितलं, "थंड हवेचं आहे, अकोल्यात जगणार नाही."

"काहून नाई जगनार?" ताई म्हणाल्या. "आमी जगून नाई राहिलो काय?"

झालं! परसातल्या निंबाखाली कुंडी बसली. मी म्हटलं, "ताई, हे उन्हाळ्यात मरते पहा." चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत!

*

ताईंचे भातकुलीचे मामा आले. जन्मभर कपाशी केलेला माणूस. पांढरे काठ पाहून हादरलेच. "पोरी, रोग पडला न याच्यावर!"

ताई चहा घेऊन येईपर्यंत त्यांनी काठाची सगळी पानं खुडली. एक निव्वळ हिरवा कोंब तेवढा ठेवला.

ताईंनी चहा दिला, कात्री आणली अन् मामांच्या देखत तो हिरवा कोंबही छाटला. "हा ठेवला तं सारं झाड हिरवं होईन. मुळं हायेत न, आता पांढऱ्या काठाचंच येईन!"

महिन्याभरानं आलं की हो!

*

मे महिन्यातली भर दुपार. ताईंचे यजमान, आमचे भाऊजी, निंबाखाली खाटेवर घामाघूम. अन् घरात गार हवेसाठी खिडकीला वाळ्याची ताटी भिजवलेली!

"भाऊजी, बाहेर कसे?"

"ताटीसमोर एकाचीच जागा आहे," ते म्हणाले. "तिथं कुंडी आहे."

*

या झाडाला हिवाळा कडक लागतो, असं भावानं कळवलं. ताई ऐन थंडीत बर्फ आणायला गेल्या. बर्फवाला बिचारा हळू आवाजात म्हणाला, "बाई, घरी कोनी गेलं काय?"

"कोनी जाऊ नये म्हनूनच नेऊन राहिली!"

*

अन् मग भाऊजींची बदली झाली. कुठं? चिखलदऱ्याला! सगळी ओळ आनंदली. गार हवा, धुकं; होस्ट्याचं नशीबच उघडलं!

सामान ट्रकमध्ये चढलं. ताई कुंडी घेऊन आल्या अन् माझ्याच हातात ठेवली.

"अवो ताई, हे काय? आता तर तिथं मस्त वाढेल!"

"तिथं काय," ताई म्हणाल्या, "कोनीबी वाढवते!"