चवथीच्या दिवसांतला गळपट्टा

आमच्या कुत्र्याला मिरगी आहे. म्हापशाचे प्राण्यांचे डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले होते, आठवणीवर गोळ्या ठरत नाहीत, मला आकडे द्या. ते मला पटलं. मी एका सोसायटीत हिशेब बघते. 'बहुतेक' आणि 'असेल तीनचार वेळा' ही भाषा मला तिथेही चालत नाही.

म्हणून तो गळपट्टा मागवला. चामड्याचा, त्यात आगपेटीएवढं यंत्र. मान एका लयीत जोरात हलू लागली की ते झटका आला असं समजतं, माझा फोन वाजतो आणि नोंद होते. पट्टा फार वेळ हललाच नाही, तर तो गळ्यातून काढला आहे अशी तक्रारही येते. पट्टा काढायचा नाही आणि यंत्र बंद पडू द्यायचं नाही, हे मी घरात बजावलं. घरात तसे तिघंच: मी, तुयेच्या कारखान्यात पाळीवर जाणारा नवरा आणि सासूबाई.

चवथीत घर भरलं. पाच दिवसांचा गणपती, दीर-नणंदा, मुलं, दोन वेळची आरती. कुत्र्याला गडबड सोसत नाही म्हणून त्याची गोणी मागच्या दारी, गोठ्याच्या पडवीत टाकली. आणि पहिल्याच दिवशी फोन वाजायला लागला. मी नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पिठाने भरलेल्या हातांनी मागच्या दारापर्यंत धावले. तो पाठ करून, अंगाचं मुटकुळं करून झोपलेला. झटक्यानंतर तो असाच मेल्यासारखा झोपतो, त्यामुळे आपल्याला पोचायला उशीर झाला असंच वाटलं. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही. मग धावायचं सोडलं. विसर्जनापर्यंत फोनवर इतके झटके जमले, जितके आधीच्या सहा महिन्यांत नव्हते.

मी ते सगळे डॉक्टरांना पाठवले. त्यांनी गोळी वाढवली. सांगितलं, एवढ्यानेही आवरलं नाही तर दुसरं औषध जोडावं लागेल, ते यकृताला जड जातं, आणि त्याचं वय पाहता पुढचा विचार घरात करून ठेवा. पुढचा म्हणजे कुठला, हे मी विचारलं नाही.

वाढीव गोळीने त्याचे मागचे पाय गेले. उठायचा आणि बसायचा. आम्ही त्याला पोटाखाली टॉवेल घालून परसात नेत होतो, सकाळी मी, पाळीवरून आल्यावर नवरा. नवरा एकदाच म्हणाला की याला आपण जगवतोय की नुसता झोपवतोय.

पुढच्या भेटीसाठी मी त्या पाच दिवसांचे झटके वेळेप्रमाणे मांडले, तेव्हा ते विचित्र दिसले. सगळे सकाळ-संध्याकाळ, दोनच वेळांना. मधल्या दुपारी नाहीत, रात्री नाहीत. त्याची मिरगी अशी कधीच नव्हती. ती झोपेतच यायची. सासूबाई अंगणात सुपारी सोलत होत्या. मी म्हटलं, "आई, चवथीत ह्याला नेमकं दूध काढायच्या वेळीच कसं व्हायचं?"

त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "दुधाच्या वेळेक? गो, पट्टो तेवां वासराच्या गळ्यात होतो."

मी गोठ्याकडे बघितलं.

"चामडा ता. पाच दीस देव घरात, आणि ह्यो कुत्रो मागच्या दारात सगळ्यांच्या पायांत. म्हणान काढलंय. पण बंद पडान नये म्हणान तूच सांगितललंस. गोठ्यात चामडा चालता, गुरांच्या घंटेचो पट्टो चामड्याचोच असता."

म्हणजे वासरू आईला ढुशा देऊन पीत होतं, आणि डॉक्टर आमच्या कुत्र्याच्या गोळ्या वाढवत होते. विसर्जन झाल्यावर सासूबाईंनी पट्टा धुऊन, पुसून परत ह्याच्या गळ्यात बांधला होता. त्यांच्या परीने त्यांनी माझं आणि देवाचं, दोघांचं ऐकलं होतं.

रागावायला हवं होतं, पण मी शेजारी पायरीवर बसले. मग विचारलं, खरा झटका त्या दिवसांत आला होता का.

"एकदा इललो. मी डोक्याखाली हात धरून बसलंय. म्हटलंय, तुका फोनार दिसलाच असतला."

डॉक्टरांना हे फोनवर सांगताना मी वासरू हा शब्द दोनदा उच्चारला, कारण पहिल्यांदा त्यांनी 'कोण?' असं विचारलं. मग म्हणाले, दुसऱ्या औषधाचं राहू दे. गोळी एकदम तोडू नका, त्यानेच झटके येतील, हळूहळू उतरवू. आणि पाच दिवसांचे सगळे आकडे खोडून तिथे एक लिहा.

आता पट्टा कापडी आहे. गोळी जुन्या मापावर यायला वेळ लागला. काल तो पडवीची पायरी टॉवेलाशिवाय चढला, मध्ये एकदा बसून. फोन अजून वाजतो. मी उठते, आधी त्याचा गळा बघते, मग त्याला.