उणे सात

आजही आठवलं की डोकं तापतं माझं.

प्रोबेशनचे सहा महिने संपत आले होते. पर्मनंट झाले तर घणसोली गावातली भाड्याची खोली टिकणार, नाहीतर बॅग उचलून परत लातूरला. वीजमीटरची रीडिंग तपासणारे छोटे प्रोग्राम मी लिहायची. तेही वेबअसेंब्लीत, हाताने, यंत्राला कळतील अशा एकेक पायरीने, साध्या मजकुराच्या फाइलीत. फाइल आणि दोन आकडे रनटाइमला, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रामला, दिले की उत्तर खाली छापून यायचं. नावात वेब असलं तरी ब्राउजर लागतच नाही.

या भाषेत आकडे एकावर एक ठेवत जायचं असतं. कुठला आधी, कुठला नंतर, याचं भान सुटलं की संपलं. म्हणून प्रत्येक ओळीपुढे मी मराठीत टीप लिहायची: 'आधी नवं रीडिंग, त्यावर जुनं.' आमच्या टीम लीडला ते खुपलं.

"हे काय, रेसिपी लिहिलीयस? क्लायंट बघतो. काढ सगळं."

काढलं. आणि पुढच्याच आठवड्यात, रिव्ह्यूत, मोठ्या मॅडमसमोर हाच माणूस म्हणतो, "इतकं स्वच्छ? हे एआयकडून लिहून घेतलंय. हाताने असं कोण लिहितं आजकाल?"

"सर, टिपा तुम्हीच काढायला लावल्यात!"

तो मोबाइल बघत बसला. लाज कशी वाटत नाही माणसाला!

मॅडम म्हणाल्या, "वाद नको. इथेच बसून लिही. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा कर."

मी कीबोर्ड पुढे ओढला. रागाने. बरं, भीतीनेही. टीप न घालता लिहिलं, कारण टिपा चालत नाहीत ना! रनटाइमला बारा आणि पाच दिले. उत्तर आलं, उणे सात.

"बघा," लीड हसला.

मी ओळी पुन्हा वाचल्या. पाच आधी ठेवला होता, बारा नंतर, म्हणून पाचातून बारा गेले. दोन ओळींची अदलाबदल केली, परत चालवलं. सात.

मॅडम लीडला म्हणाल्या, "चुकली, आणि चूक तिनेच शोधली. म्हणजे काम तिचंच आहे. पर्मनंटचं लेटर काढा."

संध्याकाळी लेटर माझ्या हातात देत लीड म्हणाला, "चुकलीस ते बरंच झालं बघ तुझं."

"आणि सहा महिने एकही फाइल चुकली नाही, तेव्हा मी चोर होते?"

"अगं, टेन्शन कशाला घेतेस? झालीस ना पर्मनंट? चल, चहा पाजतो."

मी गेले नाही. जिन्यात उभी राहून लेटर उघडलं, पण इतकं रडू येत होतं की त्यावरचं माझंच नाव मला धड वाचता येईना.