चौघांचं बुकिंग

चौसाळ्यातल्या माझ्या तिकीट बुकिंगच्या दुकानात आमच्या भागातले पुढारी नेहमी येतात, पण एकटे कधीच येत नाहीत. जवळच्या लिंबागणेशला दर्शनाला जायचं म्हटलं तरी त्यांच्या तीन गाड्या निघतात. बोलताना ते वाक्य अर्ध्यावर सोडतात आणि उरलेलं मागे उभे असलेले कार्यकर्ते पुरं करतात.

यंदा त्यांनी समुद्राकाठच्या एका नावाजलेल्या गोल्फच्या मैदानावर जायचं काढलं.

"मोठी माणसं तिथंच..." ते म्हणाले.

"बैठका घेतेत," मागून आलं.

एका बुकिंगवर तिथं चौघांनाच सोडतात, हे मी सांगितलं तेव्हा कार्यकर्ते एकमेकांकडं बघायला लागले. सोबतचे तिघं कोण, हे आता पुढाऱ्यांनाच सांगावं लागणार होतं. त्यांनी मी दाखवलेला मैदानाचा फोटो डोळ्यांजवळ धरला. एक झाड नव्हतं, नुसतं पिवळं गवत होतं.

"असला माळ तर आपल्याकडं..."

"लई हाय," दोघंतिघं एकदम म्हणाले. बेत मोडला. सगळे मोकळेपणानं हसत गाड्यांत जाऊन बसले.

चष्मा राहिला म्हणून ते परत आत आले. चष्मा त्यांच्या खिशातच दिसत होता. दार लोटून घेत त्यांनी हळूच विचारलं, "सर, तिथं एकट्या माणसाला सोडतेत का?"