आमच्या गावात बेकार शून्य

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर उगाच कुणी मला सावरायला येऊ नका.

सांगलीतल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. म्हणजे तास चालू असेपर्यंत मी प्राध्यापक, घंटा झाली की कुणीच नाही. त्या वर्षी प्राचार्यांनी मंदी आणि रोजगारावर परिसंवाद ठरवला आणि मला म्हणाले, "मॅडम, मुलांकडून एखाद्या गावाची पाहणी करून घ्या, पाहुण्यांपुढं ठेवायला बरी." मी पलूसजवळचं आमचंच गाव निवडलं.

धाकटा भाऊ तिथं घरी बसून होता. फाउंड्रीत मोल्डर होता तो. ऑर्डरी आटल्या, भट्टी थंड झाली आणि 'बोलावू' म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं. दीड वर्ष झालं तरी बोलावणं नाही. विट्याकडच्या आमच्या आतेभावाचं आसामात सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे. गलाईच्या कामाला ये म्हणून त्याचे सारखे फोन. भावाला जायचं नव्हतं. त्याची पोरगी नुकती पावलं टाकायला लागली होती. ॲसिडच्या वाफेत दिवस काढायचे आणि वर्षातून एकदा गावाला यायचं, हे त्याला नको होतं. आई तर गलाईचं नाव काढलं की ताटावरून उठायची.

"थांब की रं," मी म्हटलं. "पुण्या-मुंबईचे मोठे अर्थतज्ज्ञ येतायत. मंदी कवा उठणार, फाउंड्री सुरू होणार का, तूच विचार त्यांना. मग ठरव."

"ताई, तू म्हणतीस तर थांबतो," तो म्हणाला.

पाहणीचा फॉर्म मीच केला. सरकारी पाहणीत असतो तसा प्रश्न: मागच्या सात दिवसांत एक तास तरी काम केलंत का? केलं असेल तर माणूस रोजगारात. मुलं गेली ती नेमकी द्राक्षछाटणीच्या आठवड्यात. छाटणीला आमच्याकडं पैरा चालतो: आज सगळ्यांनी तुझ्या बागेत, उद्या माझ्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. त्या आठवड्यात धडधाकट माणूस घरी सापडतच नाही. भावानंही तीन दिवस कात्री चालवली होती. मुलांनी विचारलं तर छाती काढून म्हणाला, "केलं की काम! रिकामा दिसतोय व्हय मी?" दीड वर्षात पहिल्यांदा कुणी त्याला कामाचं विचारत होतं. काय म्हणणार होता बिचारा?

मी बेरीज केली. बेकार शून्य. पैऱ्याचा आठवडा आहे हे मला, त्याच गावात वाढलेल्या बाईला, कळू नये? कळलं होतं हो! दुसऱ्या दिवशी परिसंवाद होता, म्हणून तसंच टाईप करून दिलं.

पाहुणे दोन. दोघंही खुल्या बाजाराचे खंदे पुरस्कर्ते आणि एकमेकांचे हाडवैरी. पुण्याचे म्हणाले, मंदी आहे आणि ती येऊ द्यावी; बुडणारे कारखाने बुडू द्या, माणसं काम असेल तिथं जातील, सरकारनं मधे पडू नये. मुंबईचे उसळले, "मंदी आहेच कुठं? आकडेच चुकीचे आहेत. लोक कामात आहेत, सरकारला ते मोजता येत नाही!" आणि त्यांनी माझा कागद फडकावला. "ही बघा ताजी पाहणी. बेकार शून्य!" टाळ्या पडल्या.

शेवटच्या रांगेतून भाऊ उठला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. "सायेब, आमची फाउंड्री बंद हाय. दीड वर्ष झालं घरी बसलोय. थांबू का जाऊ, एवढंच सांगा."

"गाव कुठलं?"

त्यानं सांगितलं. मुंबईच्या साहेबांनी कागद बघितला आणि हसले. "अहो, तुमच्या गावात तर बेकार कोणीच नाही!" सगळं सभागृह खो खो हसलं. पुण्याचेही हसले. अख्ख्या दुपारीत दोघांचं एकमत झालं ते तेवढंच.

सूत्रसंचालन मी करत होते, माईक माझ्याच हातात होता. कागद चुकीचा आहे, हा माझा भाऊ आहे, तो पैऱ्यावर गेला होता; एवढंच बोलायचं होतं. पहिल्या रांगेत प्राचार्य बसले होते आणि पुढच्या वर्षीच्या तासिका त्यांच्या हातात होत्या. मी म्हटलं, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं इथंच थांबवू." जीभ झडली नाही माझी!

तो चहालाही थांबला नाही. मी फोन केला तर म्हणाला, "तू कशाला रडतीस? एवढी शिकलेली माणसं म्हणत्यात तर असंल तसं." त्याच आठवड्यात त्यानं आसामला जायला बॅग भरली. पोरगी बॅगेवर चढून बसली होती, तिला उचलून बाजूला करावं लागलं.

यंदा पुन्हा पाहणी आली. छाटणीचा आठवडा टाळून मी स्वतः दारोदार फिरले. आमच्या दारात आई भाजी निवडत बसली होती. आई झाली तरी विचारावं लागतंच. "घरात कामाच्या शोधात कुणी आहे का?"

तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "होता एक. तुला ठावं हाय की."

मी शून्य लिहिलं. या वेळी आकडा बरोबर होता.