आधी सांगा, मग घाबरा

खरं सांगा, उद्या तुमच्या कामाच्या जागी एखादी अनोळखी बाई डाळिंबाचं क्रेट उचलून आली, तर तुम्ही तिला अडवाल, की तिच्यासाठी दार धरून उभे राहाल?

आम्ही दार धरलं. सणसरजवळ आमचं पॅकहाऊस आहे. आसपासच्या गावांतली डाळिंबं तिथे निवडली जातात, शीतगृहात ठेवली जातात आणि कंटेनरने परदेशी जातात. एका सकाळी अशीच एक बाई मागच्या दाराने आत आली. कमरेवर क्रेट. वॉचमन म्हणाला, "दमानं, ताई." कुणीतरी पंखा लावला. ती सरळ ऑफिसात शिरली, मोकळ्या खुर्चीवर बसली आणि चालू असलेल्या संगणकावर बोटं चालवू लागली. मी तिला चहा नेऊन दिला!

चहा संपवून ती म्हणाली, "चहा झ्याक हाय. पर मी कोण, कुणाकडं आले, एकानं बी इचारलं न्हाय. आमच्या बावड्यात नवा माणूस दिसला, तर एवढ्या वेळात त्याच्या मामाचं गाव बी काढत्यात."

संगणकांची राखण करणारी एक कंपनी बारामतीत आहे. आमच्या मालकांनी, म्हणजे आबांनी, तिथून तिला बोलावलं होतं. गरज होतीच. आमच्या शीतगृहाची थंडी संगणकावरून कमीजास्त होते. मालाची कागदपत्रं, कुठल्या बागेतलं कुठलं फळ, सगळं त्यातच. आत शिरणारा चोर डाळिंबाला हात लावणार नाही. तो सगळं बंद पाडून खंडणी मागणार, आणि तोवर सणसर-कळंबच्या लोकांचं वर्षाचं पीक जागेवर सडणार.

तरी मला ती पहिल्यांदा आवडली नाही. बाहेरून आणलेला माणूस म्हणजे मालकाचा कान, अशीच माझी समजूत. मी तोंडावर विचारलं, "तुम्ही आमच्यावर पाळत ठेवणार का?"

"ठेवून काय गावणार? तुमी डबा खाताना मोबाईलवर रिळं बघता, एवढंच ना?"

मी चिडले. बाकीचे हसले. त्यात ती सगळ्यात मोठ्यानं.

तिची कामाची पद्धतच निराळी. इंटरनेटची तार भिंतीतून जिथे बाहेर येते, तिथे तिने लाल फडकं बांधलं. उसाच्या ट्रॉलीला मागे बांधतात ना, तसंच. म्हणाली, "पडद्यावर काय बी वंगाळ दिसलं की ही तार वढायची. कुणी बी वढायची. आबांना इचारत बसायचं न्हाय. थंडीचं यंत्र तारंबिगर चालतंय, फक्त बाहेरच्याचा हात आत येत न्हाय." रोज संध्याकाळी सगळ्या कामाची एक प्रत हार्ड डिस्कच्या डब्यात घ्यायची आणि तो डबा कपाटात वेगळा ठेवायचा, हाही तिचाच नेम. आम्ही त्या डब्याला मॅडमचं लोणचं म्हणायचो.

आणि एक वाक्य. येताजाता, जिना चढताना, हेल्मेट काढताना, तेच: "आधी सांगा, मग घाबरा."

महिनाभराने आम्हाला पारखायला तिने सगळ्यांना एक खोटा मेसेज पाठवला. सणाच्या सुट्ट्यांची यादी, इथे दाबून पाहा. निम्म्याहून जास्त जणांनी दाबलं. आबांचा पारा चढला. ऑफिसचं दार उघडंच होतं. आम्ही सगळे निवडीच्या टेबलांपाशी कान देऊन उभे.

"नावं द्या मला," आबा म्हणाले. "एकेकाला गेटाबाहेर घालवतो."

"नावं देणार न्हाय, आबा."

"पैसं मी देतोय, बाई!"

"राखणीचं देताय. चुगल्यांचं न्हाय."

"तुमी राखणदार हाय का वकील?"

"आबा, आज नावं दिली तर उद्या खरा चोर आला की दाबणारा गप बसंल. तो घटकाभर गप बसला की तुमचा माल गेला. मला चूक न करणारी माणसं नको हायती. तशी नसत्यातच. मला लगेच सांगणारी माणसं पायजेत." तिने हेल्मेट उचललं. "नावंच पायजे असतील तर दुसरी कंपनी बघा."

मी आजवर कामगारांच्या कितीतरी सभांत उभी राहिले आहे, घोषणा दिल्या आहेत. पण माणसाच्या बाजूने इतक्या साध्या आवाजात कुणी उभं राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आबा खुर्चीतून उठले. मग बाहेर येऊन क्रेटांच्या मधोमध उभे राहिले. कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून म्हणाले, "जो सांगंल त्याला काय बी होणार न्हाय. लपवंल त्याचं मी बघतो."

शब्द तर दिला. पण तो टिकेल का? आम्हा कुणालाच खात्री नव्हती.

परीक्षा आली ती भर हंगामात. शीतगृह काठोकाठ भरलेलं, कंटेनर दारात लागायचा होता. निवडीवर देखरेख करणाऱ्या कळंबच्या सलमाभाभी ऑफिसात आल्या. संगणकावर मेसेज होता: कंटेनरची वेळ बदलली आहे, इथे पाहा. त्यांनी दाबलं. पडद्यावरच्या फायलींची नावं एकामागून एक बदलू लागली, जणू कुणी आतून पाट्या उलटत चाललंय.

भाभी ओरडल्या, "म्या दाबलं! म्या!" आणि धावत जाऊन त्यांनी लाल फडकं धरून तार उपटली.

सगळी निवड थांबली. आबा दारात. भाभींच्या हातात तार. दोन मुलींचं शिक्षण त्या पगारावर चाललेलं. आबांनी पडद्याकडे पाहिलं, भाभींकडे पाहिलं.

"भाभी, बसा," आबा म्हणाले. "अरे, कुणीतरी पाणी द्या त्यांना."

मी बारामतीला फोन लावला. 'कुणी केलं' असं तिने विचारलंच नाही. म्हणाली, "कुणी सांगितलं?"

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "आमच्या सलमाभाभींनी सांगितलं. लगीच."

"मग त्यांना आधी शाबासकी द्या. मी निघाले."

स्कूटरवरून ती आली तेव्हा केसांत धूळ, चेहऱ्यावर जत्रेला निघालेल्या पोरीसारखा उत्साह! एकच संगणक बिघडला होता. शीतगृहापर्यंत कुणाचा हात पोचला नव्हता. लोणच्याचा डबा निघाला, कागदपत्रं जशीच्या तशी परत आली. कंटेनर रस्त्याला लागला तेव्हा आम्ही फाटकापर्यंत टाळ्या वाजवत गेलो. सलमाभाभी रडत होत्या आणि हसतही होत्या.

हंगाम सरला आणि तिच्या कंपनीने तिला सोलापूरकडच्या दवाखान्यांच्या कामावर धाडलं. शेवटच्या दिवशी ती मागच्या दारानेच निघाली. वॉचमन आडवा आला. "थांबा, ताई. कोण तुमी? कुणाकडं आला व्हता?"

ती डोक्यावर हेल्मेट घालून तशीच उभी राहिली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, मामाचं गावसुद्धा सांगितलं. मगच त्याने दार उघडलं. आता तिच्या जागी दुसरे एक जण येतात. ते चांगलेच आहेत. फडकं मात्र आम्ही बदललेलं नाही.

तुमच्या हाताखाली एक जरी माणूस काम करत असेल, तर माझं एवढं ऐका. उद्या सकाळी सगळ्यांसमोर त्याला सांगा, "चूक झाली तर आधी सांग. तुझं काम जाणार नाही." आणि तो धावत, थरथरत सांगायला येईल, तेव्हा आधी त्याला बसायला खुर्ची द्या.