प्रचार न करणारे मावससासरे

कुणाचीही बाजू न घेता जगायचं, एवढ्या एका कामासाठी माझ्या मावससासऱ्यांनी जे कष्ट उपसले, तेवढ्या कष्टात दुसरा एखादा माणूस आमदार झाला असता. ते सांगलीकडचे. केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीच्या खात्यात होते आणि बदली होऊन चंदीगडला आले होते. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून मोहालीत एक घर भाड्याने घेतलं आणि पुढे क्वार्टर मिळालं तरी तिथेच राहिले. माझी नोकरी सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत, त्यामुळे बायकोच्या माहेरचं म्हणून जवळपास हे एकच घर. रविवारी आम्ही तिकडे जायचो. बायको त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही काकाच म्हणे, आणि तिच्या मावशीला मावशीच.

सरकारी नोकराने निवडणुकीत प्रचार करू नये, आपलं मत कुणाला ते सांगू नये, अंगावर, वाहनावर किंवा घरावर कुठल्याही उमेदवाराची निशाणी लावू नये, असा एक साधा नियम आहे. हजारो नोकर तो पाळून किंवा न पाळून निवृत्त होतात. काकांनी तो नियम पोटच्या लेकरासारखा वाढवला. एका निवडणुकीत कुणा अपक्षाला सायकल ही निशाणी मिळाली. त्याच दिवशी काकांनी आपली सायकल मागच्या खोलीत नेऊन लावली आणि निकाल लागेपर्यंत मोहालीहून सेक्टर सतरामधल्या ऑफिसापर्यंत पायी ये-जा केली. मी म्हटलं, "काका, अहो अपक्ष आहे तो. त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही." ते म्हणाले, "म्हणून तर. माझ्या सायकलीमुळे कळायला नको." यावर आतून मावशींचा आवाज आला, "बरं झालं बापा, कोणाले पाय निशाणी नाही भेटली. नाहीतर हे घरीच बसले असते!" एकदा न्हाव्याने दाढी करता करता एका उमेदवाराचं नाव घेऊन सहज विचारलं, "इसदी हवा ए ना, बाऊजी?" मान हलवली तर होकार, नाही हलवली तर नकार, अशा कात्रीत सापडून काका असे काही ताठ झाले, डोळे मिटून श्वास रोखून, की न्हावी घाबरला आणि त्याने वाटीतलं पाणी त्यांच्या तोंडावर मारलं. पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या वर्षांत चंदीगड-मोहालीच्या चौकाचौकांत वाळूची पोती रचलेली असत आणि नाक्यावर पोलीस जेवणाचे डबेही उघडायला लावत. काका नाका दिसायच्या आधीच डबा उघडून हातात धरत. पोलीस ओळखीने हसून म्हणायचे, "जाओ जी, आज तो भिंडी है." काका मात्र भेंडी दाखवल्याशिवाय पुढे जात नसत.

देवाने काकांचं सगळं न बोललेलं बोलणं मावशींच्या वाट्याला घातलं होतं. मावशी अमरावतीच्या. त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी 'जी' मुळातच होता, त्यामुळे पंजाबात त्या अशा मिसळल्या की बाजारातल्या बायकांना त्या जालंधरकडच्या वाटत. दिवस वाईट होते. संध्याकाळ झाली की गल्ल्या रिकाम्या व्हायच्या, दारं आतून लागायची. त्यातून मावशींच्या गल्लीतल्या खांबांवर दिवेच नव्हते. अंधार पडायच्या आत दूध, भाजी, पोरांचे क्लास सगळं उरकायचं आणि मग सकाळपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. मावशी पाच-सहा बायका घेऊन नगरपालिकेत गेल्या. तिकडे तिला सगळे कमेटी म्हणत. तिथला क्लार्क म्हणाला, "बीबीजी, बजट नहीं है."

"बजट कौन बनाता है?"

"मेंबर लोग."

"और मेंबर कौन बनाता है?"

"आप लोग, जी," म्हणून क्लार्क हसला. मावशी हसल्या नाहीत. कमेटीच्या निवडणुका लवकरच व्हायच्या होत्या. त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी उभी राहून राहिली."

मी त्या दिवशी तिथेच होतो. मला वाटलं, काका आता पुन्हा न्हाव्याकडल्यासारखे ताठ होणार. पण ते शांतपणे चहा प्यायले. म्हणाले, "उभं राहायचा तुला पूर्ण अधिकार आहे. मला मात्र बसायचा." दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयाला रीतसर कळवून टाकलं की पत्नी निवडणूक लढवत आहे आणि आपला त्यात संबंध पतीपुरताच आहे.

मावशींना निशाणी मिळाली शिलाई मशीन. झालं! घरात खिडकीपाशी मावशींचं स्वतःचं मशीन होतं, त्यावर त्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे सूट शिवत. काकांनी ते उचलून आतल्या खोलीत नेलं आणि वर चादर टाकली. घर काकांच्या नावावर भाड्याने, तेव्हा घरावर निशाणी दिसणं म्हणजे नियमभंग. मावशींचं पोस्टर सगळ्या वॉर्डात लागलं, फक्त मावशींच्या घरावर नाही. मावशी चिडून म्हणाल्या, "माझ्याच घरात माझ्या मशीनले बुरखा! लोक काय म्हणतील, घरच्यांचाच पाठिंबा नाही?" काका म्हणाले, "लोकांना काय वाटावं, यावर मी कसा प्रभाव टाकू?" गंमत अशी, की प्रतिस्पर्धी उमेदवाराची माणसं एक दिवस त्या कोऱ्या भिंतीवर आपलं पोस्टर लावायला आली. काकांनी त्यांनाही तितक्याच अदबीने परत पाठवलं, पाणी पाजून.

सुरुवातीला मावशींबरोबर फिरायला बायकांचा थवा असायचा. शेजारची सरदारीण आजी, तिला सगळे बीजी म्हणत, ती तर दारात उभी राहून हाका मारायची. मग भिंतींवर अतिरेक्यांची पत्रकं चिकटली. निवडणुकीत भाग घेणाऱ्यांनी परिणामाला तयार राहावं, एवढाच मजकूर. दोन दिवसांनी बातमी आली की शेजारच्या एका गावात उमेदवाराला दारात बोलावून गोळ्या घातल्या. त्यानंतर थवा उडाला. कुणाच्या सासूची तब्येत बिघडली, कुणाचं मूल आजारी पडलं. मावशींनी कुणालाच दोष दिला नाही. संरक्षणाला म्हणून एक शिपाई मिळाला होता, तो कधी यायचा, कधी त्याला दुसरीकडे पाठवायचे. प्रतिस्पर्ध्याने घराबाहेर पडणंच सोडलं. मीही मावशींना म्हटलं, "आता पुरे. अर्ज मागे घ्या." त्या म्हणाल्या, "जावईबापू, मागे घ्यायची तारीख निघून गेली. आता पुढंच जावं लागते." आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

त्या संध्याकाळी काका ऑफिसातून आले, बूट काढले. मावशी शाल घेऊन एकट्याच निघालेल्या. काकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बूट पुन्हा घातले.

"तुम्ही कुठं निघाले?"

"तुझ्यामागे."

"आणि तुमचे नियम?"

"नियम काय म्हणतो ते मी वाचलंय," काका लेस बांधत म्हणाले. "तुझ्याशेजारून चाललो आणि हात जोडले, तर तो प्रचार. मागून मुकाट्याने चाललो, तर तो नवरा."

मीही त्यांच्याबरोबर निघालो. मावशी पुढे, थोडं अंतर सोडून काका, त्यांच्याजवळ मी. मावशी दार वाजवायच्या, फळीआडून कुणी डोकावायचं, मावशी दिव्यांचं बोलायच्या. काका तोवर समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहत, म्हणजे आपल्या चेहऱ्यावरून कुणाचं मत बनायला नको. लोक "सत श्री अकाल जी" म्हणाले तर उत्तर नाही, "नमस्ते" म्हणाले तर उत्तर नाही. एका म्हाताऱ्याने थेट विचारलं, "भाईसाहब, वोट किसको दें?" काका म्हणाले, "मैं सरकारी नौकर हूँ जी. मैं सिर्फ घूम रहा हूँ." मला हसू आवरत नव्हतं. हा माणूस बायकोला मदत करतोय की तिची मतं कमी करतोय, हेच कळेना.

मग गल्लीच्या टोकाकडून, मागच्या बाजूने, स्कूटरचा आवाज आला. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको की दुचाकीवरून येणारी दोन माणसं आणि अंगावरच्या चादरी, एवढं दिसलं तरी माणसं दारं लावून घ्यायची, कारण चादरीखाली बंदूक असायची. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. मावशी पुढे एका दाराशी बोलत होत्या, त्यांची पाठ इकडे. काकांनी मागे वळून पाहिलं आणि जराही घाई न करता गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. हात बाजूला पसरलेले. चष्मा नाकावर घसरलेला. स्कूटरचा दिवा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडला आणि स्कूटर करकचून थांबली. दोन्ही बाजूंना लटकवलेले दुधाचे कॅन स्कूटरवर आदळले. चालवणारा दूधवाला आमच्या ओळखीचा, मागे त्याचा भाऊ. दूधवाला ओरडला, "बाऊजी, मरना है क्या?" काकांनी हात खाली घेतले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "माफ करना जी. आप जाइए."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस मागून का चालतो. मी इतके दिवस त्यांच्या नियमांना हसत आलो होतो. त्या दिवसानंतर मी त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसू शकलो नाही. मावशींना यातलं काही कळलं नव्हतं. त्या वळून म्हणाल्या, "काय झालं? दूधवाल्याले काहून थांबवलं?" काका म्हणाले, "काही नाही. उद्या अर्धा लिटर जास्त सांगितलं." निवडणूक होईपर्यंत ते रोज असेच मागून चालले आणि थोड्याच दिवसांत, का कुणास ठाऊक, बीजी पुन्हा येऊ लागली. तिच्यामागून आणखी दोघी. एका संध्याकाळी पाहिलं तर काकांच्या मागे आणखी तीन-चार नवरे मुकाट चालत होते, कारण त्यांच्यातले दोघे सरकारी नोकर होते आणि बाकीच्यांना वाटलं, अशीच पद्धत असेल.

कुणीतरी तक्रार केलीच. सरकारी नोकर बायकोचा प्रचार करतो म्हणून. काकांच्या कार्यालयातून एक अधिकारी चौकशीला घरी आले, तशी गल्लीही दारात जमली. काका परीक्षेला बसल्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"आप पत्नी के साथ चलते थे?"

"जी. शादी के बाद से."

"प्रचार किया?"

काका उत्तर देणार, तोच बीजी मध्ये पडली. "प्रचार? ओए साब, इसने मेरी सत श्री अकाल का जवाब नहीं दिया! इसके कारण तो मैं बहनजी को वोट नहीं देनेवाली थी!" आणखी चार जणांनी हेच सांगितलं, दोघांनी तर नाराजीने. अधिकारी चहा न घेता उठले. आपण केलेल्या चौकशीत कुणी इतका निर्दोष निघण्याची त्यांना सवय नसावी.

मावशी निवडून आल्या. ढोल आला, भांगडा झाला, काका आतल्या खोलीत बसून राहिले. मावशींनी आत जाऊन विचारलं, "आता तरी सांगा, मत कोणाले दिलं?" काका म्हणाले, "मतदान गुप्त असतं." मावशी हातातल्या पेढ्यांच्या ताटासह बाहेर आल्या आणि ढोलवाल्याला म्हणाल्या, "बजा रे, और जोर से बजा!"

पण खरी परीक्षा पुढेच होती. कमेटीचं अंदाजपत्रक आलं आणि मावशी ते घेऊन काकांपुढे बसल्या. काका दोन पावलं मागे सरले. उद्या कमेटीचे हिशेब त्यांच्याच खात्याकडे आले, तर? मावशी रडवेल्या झाल्या. "सगळे मेंबर हात वर करून मोकळे होतात. मले तर काहीच समजून नाही राहिलं. दिवे कुठून आणू?" मग काका छताकडे पाहून म्हणाले, "समजा एक घर आहे. नगरपालिकेचं नव्हे, असंच एक घर. त्या घरातला माणूस दरवर्षी म्हणतो, यंदा पाहुण्यांच्या खोलीला रंग देणार, आणि दरवर्षी ते पैसे तसेच उरतात. घरातल्या बाईने विचारावं की रंग देत नाही, तर त्या पैशात स्वयंपाकघरात दिवा का नाही?" मावशी कागद चाळू लागल्या. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. अतिथिगृहाची दुरुस्ती. काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

सभेत मावशींनी तेवढं एकच विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत बसल्या नाहीत. थंडी सुरू व्हायच्या आत गल्लीत दिवे लागले. पहिल्या संध्याकाळी बायका उगीचच दूध आणायला बाहेर पडल्या. बीजीने खाट बाहेर ओढली.

पुढे दिवस निवळले. मावशींची मुदत संपली. गुडघे दुखू लागले होते, त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. काही वर्षांनी काका निवृत्त झाले आणि दोघांनी सांगलीला जायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेलो होतो. मावशी आत भांडी गुंडाळत होत्या. काका म्हणाले, "जरा चला माझ्याबरोबर." आणि ते गल्लीतल्या पहिल्या दारापासून सुरू झाले. हात जोडून, अडखळत्या हिंदीत: "मेरी मिसेस बहुत अच्छी मेंबर थी. बहुत मेहनत किया उसने. बहुत हिम्मतवाली थी." प्रत्येक दारात हेच. लोक गोंधळले, बसा म्हणाले, चहा आणला, काका प्यायले आणि अजून बोलले. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटचं घर बीजीचं. ती म्हणाली, "भाईसाहब, इलेक्शन तो कब का हो गया."

"मालूम है जी," काका म्हणाले. "मेरा प्रचार बाकी था."

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सगळी गल्ली आली होती आणि बीजीने अर्थातच मावशींना सगळं सांगून टाकलं. गाडी हलली. मग खिडकीतून मला हात करता करता त्या काकांकडे वळल्या. "काहून जी, एवढं बोलता येत होतं तुम्हाले?" काकांचे ओठ हलताना मला दिसले. काय म्हणाले, ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि हसत हसत मान खाली घातली, एवढंच दिसलं.