मर्यादवेलीची फुलं

दर पावसाळ्यात आम्ही नवराबायको कोल्हापूरहून घाट उतरून मालवणला जायचो. किनाऱ्यानं चालताना दिसलेली रानफुलं मी रंगवायची आणि हे माझ्यावर छत्री धरून उभे राहायचे. पुढं अर्धांगवायूनं ह्यांचं चालणं थांबलं. त्या वर्षी मी एकटीच गेले. वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीची जांभळी फुलं रंगवून आणली आणि चित्र ह्यांच्या पलंगासमोर लावलं.

हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "समुद्र काढला न्हाईस व्हय गं?"

"काढते की उद्या," मी म्हणाले.

पहाटे झोपेतच हे गेले.

तेराव्यानंतर मी चित्रात समुद्र काढला. चित्र पुरं झालं, पण अजून काय राहिलंय ते सांगणारं घरात आता कुणी नाही.